आधी हवेत दाबू नका

४ फेब्रुवारी, दुकानातून

प्रिय ढोल्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने पाठवत नाही. हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना तू उत्तर दिलं नाहीस, पण ती परतही आली नाहीत. व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक फोनवर म्हणाले की तू पत्र घेतोस, खिशात घालतोस आणि वाचलंस की नाही याचा कुणाला पत्ता लागू देत नाहीस. शाळेत प्रगतिपुस्तकाचंही तू हेच करायचास.

इकडे सगळं ठीक. तुझे भावजी बस डेपोतून निवृत्त झाले आणि आता हाताशी बस नाही म्हणून मला चालवायला बघतात. डबे कुठे ठेवायचे, पडदे कधी ओढायचे, सगळ्याचं वेळापत्रक केलं आहे. मी पाळत नाही.

मुख्य बातमी म्हणजे तुझी ताई समितीवर गेली. शहराच्या आरोग्य खात्याने मोहीम काढली आहे: नशेचा डोस जास्त होऊन माणसं मरतात, ती मरू नयेत म्हणून. आम्ही नऊ जण आहोत. दुकानदारांच्या संघटनेत कुणालाच वेळ नव्हता, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. बाकी काही कारण नाही.

एक फवारा निघाला आहे. माणूस बेशुद्ध पडला, ओठ निळे झाले, श्वास थांबत चालला की तो नाकात मारायचा आणि रुग्णवाहिका बोलवायची. बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. हा फवारा फुकट वाटायचा आणि सोबत कसा मारायचा याचं पत्रक द्यायचं. खात्याच्या डॉक्टरीणबाईंनी पत्रकाचा मसुदा दिला, तो वाचता वाचता धडधाकट माणूस बेशुद्ध पडला असता. मी तो एका दुपारी माणसांच्या भाषेत आणला. शिवाय छापखान्यात शेवटच्या क्षणी एक ओळ माझ्या पदरची घातली, ‘आधी एकदा हवेत दाबून पाहा, मग नाकात मारा.’ डॉक्टरांना असल्या गोष्टी सुचत नाहीत. तीस वर्षं मी सर्दीचे आणि दम्याचे फवारे विकते आहे. पहिला दाब हवेत मारा, नाहीतर नुसती हवा जाईल, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला आहे.

एका ओळीवरून मात्र समितीत वाजलं. कपडे शिवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. बैठकीत त्या कधी बोलत नाहीत, परवा बोलल्या. म्हणाल्या, पोस्टरवर लिहा, ‘एकट्याने घेऊ नका.’ मी म्हटलं, बाई, मग कुणाला सोबतीला बसवून नशा करा असं लिहायचं का? सरकारी खर्चाने परवानगी द्यायची? मतदान झालं. पाच विरुद्ध चार, आणि पाचवं मत माझं. शिवणवाल्या बाईंनी पिशवी उचलली आणि गेल्या. वाईट वाटलं, पण समितीत भावनेवर चालत नाही.

त्या दिवशी दुकानात जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. झालं ते झालं.

तुझी ताई


२२ फेब्रुवारी, दुकानातून

प्रिय ढोल्या,

मोहीम जोरात आहे. मी सात ठिकाणी प्रात्यक्षिक केलं. आम्हाला सरावाचा एक फवारा दिला आहे, आत औषध नसतं, कितीही वेळा दाबा. एका बाहुल्याला जमिनीवर झोपवायचं, खांदे हलवायचे, मोठ्याने हाक मारायची. उत्तर नाही, श्वास मंद, घशात घोरल्यासारखी घरघर, की समजायचं झोप नव्हे. मग फवारा, मग कुशीवर वळवायचं आणि मदत येईपर्यंत हलायचं नाही. कपडे धुण्याच्या दुकानातल्या मालकीणबाईंनी बाहुल्याला अशी हाक मारली की रस्त्यावरची चार माणसं आत आली.

पत्रक लोकांना फार आवडलं. छापखानेवाले म्हणाले, ताई, सरकारी कागद लोक पहिल्यांदाच घडी न घालता वाचताहेत. मी म्हटलं, लिहिणाऱ्याला विषय कळत असला की असं होतं.

डेपोतही जाऊन आले. भावजींची अजून तिथे ओळख आहे, त्यामुळे भिंत मागावी लागली नाही. पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर पोस्टर मी स्वतः चिकटवलं. तिथली सफाईवाली बाई बादली घेऊन उभी होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी इथेच एकाला बघितलं मी. दाराखालून बूट दिसत होता, हलत नव्हता. मी नुसती बोंब ठोकली." मी म्हटलं, चांगलं केलंत. आणखी काही म्हणायचं होतं, पण हाताला खळ लागली होती.

नीट जेव. नाहीतर ढोल्या हे नाव बदलावं लागेल.

तुझी ताई


११ मार्च

ढोल्या,

आज दुपारी शिवणवाल्या बाई दुकानात आल्या. समितीतल्या मतदानानंतर पहिल्यांदाच. काउंटरवर फवारा ठेवला आणि म्हणाल्या, "हा रिकामा निघाला बघा."

त्यांच्याकडे शिवण शिकायला मुली येतात. त्यांना दाखवावं म्हणून त्यांनी पत्रक समोर ठेवून पायरी-पायरीने सगळं केलं. आधी हवेत दाबला. मग उशीला नाक काढलं होतं, त्यात मारायला गेल्या तर काहीच येईना.

मी म्हटलं, येईल कसं नाही, आणा इकडे. चष्मा लावला, डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. एका फवाऱ्यात एकच डोस. वापरण्यापूर्वी दाबून पाहू नये. असं स्पष्ट लिहिलं आहे. दम्याच्या फवाऱ्यात शंभर-दोनशे डोस असतात, एक हवेत गेला तर बिघडत नाही. यात एकच असतो. तो हवेत गेला की संपलं.

मी रोज दुसऱ्यांना सांगते, डबीवरचं वाचा. आणि मीच वाचलं नव्हतं. वाचायची काय गरज, मला माहीतच होतं.

दोन हजारांच्या वर पत्रकं लोकांच्या घरी गेली आहेत, प्रत्येकासोबत एक फवारा. कुणाचं तरी पोर ओठ निळे होऊन पडेल, आई पत्रक काढील, माझं ऐकेल आणि औषध खिडकीबाहेर उडवील.

शिवणवाल्या बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ताई


२९ मार्च, दुकानातून

प्रिय ढोल्या,

मागचं पत्र वाचून घाबरला असशील तर आता सावर. मी सावरले आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओरडा नको, गुपचूप दुसरं पत्रक काढू. भावजी म्हणाले, दुकानाचं नाव जाईल, थोडं थांब. मी दोघांचंही ऐकलं नाही, आणि या वेळी मी बरोबर होते हे तुला आधीच सांगून ठेवते. फवारे ज्यांना दिले त्यांची यादी आहे, पण लाजेपायी अर्ध्या लोकांनी खोटी नावं आणि खोटे पत्ते लिहिले आहेत. एक पत्ता तर अग्निशमन केंद्राचा निघाला. गुपचूप कुणाला गाठणार?

मग मी शहराच्या रेडिओवर गेले. म्हटलं, पत्रकातली ती ओळ मी लिहिली, ती चूक आहे, माझी एकटीची आहे. फवारा हवेत दाबू नका, सरळ नाकात मारा. ज्यांनी दाबून पाहिला असेल त्यांनी दुकानात येऊन दुसरा घ्या, नाव विचारणार नाही. दिवसातून सहा वेळा हे वाजवलं. शिवाय खऱ्या पत्त्यांवर मी आणि शिवणवाल्या बाई पायी फिरलो. त्या जिने चढताना मागे राहतात आणि दार उघडलं की पुढे होतात.

आता रस्त्यात लोक मला ‘चुकलेली बाई’ म्हणतात. कपडे धुणाऱ्या मालकीणबाईंनी तर तोंडावर म्हटलं, "या चुकलेल्या बाई, चहा घ्या." घेतला.

पण एक गंमत झाली. मी सगळं माहीत असलेली बाई होते तेव्हा लोक पत्रक घ्यायचे आणि जायचे. चुकले म्हणून दारात उभी राहिले तर आत बोलवायला लागले. एका निवृत्त हेडमास्तरांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की त्यांची सून गोळ्या खाते, घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही. एक आजोबा म्हणाले, फवारा नातवासाठी नको, मलाच हवा, पाठीच्या दुखण्याच्या गोळ्या फार होतात. दाबून वाया गेलेले चारशे नऊ फवारे परत आले. त्या दिवसांत त्यांतल्या कुठल्याच घरात कुणी मेलं नाही. मी प्रत्येकाला विचारलं आहे.

नवं पत्रक निघालं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं आणि मी एक शब्दही हलवला नाही. जीभ चावत बसले होते.

तुझी ताई


१७ एप्रिल

प्रिय ढोल्या,

आज जे लिहिणार आहे ते लिहायला चार दिवस लागले.

शेवटच्या काही घरांपैकी एकात लिफ्ट बंद होती. पाचव्या मजल्यावर शिवणवाल्या बाई पायरीवर टेकल्या. मी सहज म्हटलं, तुमची मुलगी खूप वर्षं घेत होती का. त्या म्हणाल्या, "नाही हो. तेव्हा तर घेतच नव्हती. चार महिने केंद्रात होती, चांगली होऊन आली. चांगली झाली होती म्हणूनच गेली."

परत आल्यावर बाराव्या दिवशी तिचा तोल गेला. पूर्वी घ्यायची तेवढंच घेतलं. चार महिन्यांत शरीराची सवय मोडली होती, त्याला ते झेपलं नाही. न्हाणीघराचं दार आतून लावलं होतं, कारण आईला तिने वचन दिलं होतं आणि आईला कळलं तर आई मोडून पडेल अशी तिला भीती होती. आई दहा पावलांवर मशीन चालवत होती. मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही.

"मी तिला रोज म्हणायची, पुन्हा घेतलंस तर मी मेले म्हणून समज," त्या म्हणाल्या. "ती मला जगवायला दार लावून बसली." मग उठल्या आणि पुढचा जिना चढल्या.

सवय मोडली की जुना डोस जिवावर बेततो, हे मला माहीत नव्हतं का? पाठ आहे. पण मी ते पुस्तकातलं म्हणून माहीत करून घेतलं होतं. तुझी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने गोल करून ठेवली आहे, १२ मे. सुटका म्हणून गोल केला होता. दुसरं काही माझ्या मनात आलंच नाही.

परवा समितीची बैठक झाली. मी उठून म्हटलं, फेब्रुवारीतलं माझं मत मी मागे घेते. अध्यक्ष म्हणाले, झालेलं मत मागे घेता येत नाही. मी म्हटलं, मग नवं मतदान घ्या, मी इथून हलत नाही, दुकान भावजी सांभाळताहेत आणि त्यांना आवडतंय. घेतलं. आठ विरुद्ध एक. पोस्टरवर आता सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, ‘एकट्याने घेऊ नका. दार लावू नका.’ खाली, ‘खंड पडला असेल तर जुना डोस आता जीव घेईल.’

बैठकीनंतर शिवणवाल्या बाईंनी माझ्या ब्लाउजची उसवलेली बाही बघितली आणि म्हणाल्या, उद्या टाकून जा.

ताई


८ मे, घरातून

प्रिय ढोल्या,

हे पार्सल तुला सुटायच्या आत मिळेल असं समुपदेशकांनी कबूल केलं आहे. आत दोन फवारे आहेत. सुटताना तुझ्या हातात देतील. पण आधी मला माझं थोडं आवरायचं आहे.

संघटनेने माझ्या गळ्यात काही घातलं नव्हतं. दोघं जण तयार होते, मी भांडून समितीवर गेले. डेपोत तू पडला होतास त्याच्या चौथ्या दिवशी अर्ज दिला. सफाईवाल्या बाईंनी बोंब ठोकली म्हणून तू आहेस. मी त्यांच्यासमोर उभी होते आणि तो माझा भाऊ होता एवढं म्हणायला मला तोंड उघडता आलं नाही. काल जाऊन सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली आणि विचारलं, "बरा आहे का आता?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग झालं तर," आणि कामाला लागल्या.

दुसरं, दुकानातलं. त्याआधी दोनदा तू कपाटातून पाकिटं नेली होतीस, ते खरं. पण त्या दिवशी तू काउंटरच्या आत आला नव्हतास. बाहेरच्या बाजूला उभा राहिलास, गिऱ्हाइकासारखा, आणि म्हणालास, "ताई, दोन मिनिटं आहेत का?" मी तीन गिऱ्हाइकांदेखत तुला खिसे उलटे करायला लावले. एकात बसचं तिकीट होतं, दुसऱ्यात काहीच नव्हतं. मी माफी मागितली नाही. म्हटलं, मग कुठे लपवलंस? आणि तू जायला निघालास तेव्हा म्हटलं, सुधारून ये, नाहीतर येऊच नकोस. तुला दोन मिनिटं कशाला हवी होती ते मला आजही माहीत नाही. मला वाटतं तू मदत मागायला आला होतास. तीन दिवसांनी तू डेपोत सापडलास.

ते वाक्य मी मागे घेते. पत्रकासारखं तेही तुझ्याकडे राहिलं असेल, तर फाडून टाक.

आता कामाचं बोलते. मी हे घरोघरी सांगितलं, पण तुला लिहिताना हात अडतो आहे, कारण लिहिलं म्हणजे तू पुन्हा घेशील असं मी धरून चालले असं होतं. तसं नाही. तू घेऊ नयेस असंच मला वाटतं, रोज वाटतं. पण माझ्या वाटण्याने तुझा श्वास चालत नाही.

घेऊ नकोस. घेतलंसच, तर पूर्वीएवढं घेऊ नकोस, त्याच्या जवळपासही नाही. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर तर नाहीच. एकट्याने घेऊ नकोस. दार उघडं ठेव. सोबत जो कोणी असेल त्याला फवारा कुठे आहे ते दाखव, सरळ नाकात मारायचा हे सांग, आणि दोन-तीन मिनिटांत जाग आली नाही तर दुसरा मारायचा, म्हणूनच दोन दिले आहेत. रुग्णवाहिका आधी बोलवायची, घाबरून पळायचं नाही. सोबत कोणी नसेल तर मला फोन कर. कुठल्याही वेळी. काय घेतलंस आणि किती, एवढंच विचारीन. का ते विचारणार नाही.

घरी यायचं की नाही ते तू ठरव.

तुझी ताई


१६ मे, दुकानातून

प्रिय ढोल्या,

हे पत्र तू फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर पाठवते आहे. मित्राच्या खोलीवर टपाल येतं ना? नसेल येत तर पोस्टमनला मी बघून घेईन.

१२ तारखेला तू घरी आला नाहीस. भावजींनी तुझ्यासाठी गादीला नवी खोळ घातली होती, ती काढून ठेवली, पुन्हा घातली. मी चार दिवस दुकानात दर गिऱ्हाइकाला वर मान करून बघत होते. काल चार वाजता फोन वाजला तेव्हा काउंटरवर पाच माणसं होती. तुझा आवाज ऐकला आणि मी पाचांनाही सांगितलं, बाहेर थांबा. गेले बिचारे. चुकलेल्या बाईचं लोक हल्ली ऐकतात.

तू म्हणालास, "ताई, आज घेणार होतो. आणून ठेवलंय. घेतलं नाही अजून. पण उद्याचं काही सांगत नाही."

त्यानंतर फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही आणि तू दोनदा ‘हॅलो’ म्हणालास. तुला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती. मी एका हाताने तोंड दाबून धरलं होतं, कारण आत अख्खं व्याख्यान तयार होतं. आई-अण्णांपासून सुरू होणार होतं. ते गिळायला तेवढा वेळ लागला. रडतही होते, तेही सांगून टाकते. मग मी विचारलं, सोबत कोण आहे, आणि फवारा कुठे आहे. तू म्हणालास, मित्र आहे, फवारा खिडकीत आहे, त्याला दाखवलाय. मग मी एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता फोन करतोस?"

तू हसलास. किती महिन्यांनी ऐकलं ते. म्हणालास, सहा वाजता.

काल रात्री तू घेतलंस की नाही ते मला माहीत नाही, आणि घेतलं असलंस तरी का ते विचारणार नाही, हे मी लिहून दिलं आहे. आज सहाला दुकान बंद ठेवून फोनजवळ बसणार आहे. सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबेन, कारण तू कधीच कुठे वेळेवर पोचला नाहीस. अकराव्या मिनिटाला मी आणि भावजी निघू. रस्ता त्यांनी कागदावर काढून ठेवला आहे, कुठल्या बसने, कुठे उतरायचं, सगळं. तिथे पोचले की आधी तुझा श्वास बघीन आणि मग शेजारी बसेन.

पत्ता तू स्वतः दिलास, आता तक्रार करायची नाही.

तुझीच,
ताई